ग्रुप डिस्कशनमध्ये दोघंच बोलतात, बाकीचे गप्प. काय करावं?

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईत घणसोलीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी स्पोकन इंग्लिशचा वर्ग घेते. फी नाही. मी नोकरी बँकेत करते, शिकवण्याचं ट्रेनिंग वगैरे काही नाही. चौदा-पंधरा जण येतात. बहुतेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची, मराठी माध्यमातली मुलंमुली, शिवाय दोन गृहिणी. मुलांना ऐरोली-महापेच्या कंपन्यांत इंटरव्ह्यू द्यायचेत. व्याकरण बरं आहे, टेन्सचा तक्ता झोपेतही भरून देतील. बोलायची वेळ आली की मात्र सगळे जमिनीकडे बघतात.

म्हणून ग्रुप डिस्कशन सुरू केलं. गोल करून बसायचं, फळ्यावर विषय, 'मोबाईल : शाप की वरदान' छाप. कॉन्व्हेंटमधला एक आणि कॉल सेंटरमध्ये काम केलेली एक, एवढीच बोलतात. पाळीपाळीने बोलायला लावलं तर बाकीचे घरून पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतात. आणि विषय तापला की सगळे मराठीवर! विमानतळाच्या नावावरून वाद झाला तेव्हा काय तावातावाने बोलले, इंग्रजीचा एक शब्द नाही.

विषय कसे निवडू? चूक तिथल्या तिथे सांगावी का? एका मुलीला मधेच थांबवलं तर ती नंतर बोललीच नाही. आणि मराठी बोललं की दहा रुपये दंड, असं एकाने सुचवलंय. मला पटत नाही. (ॲप सुचवू नका, प्लीज.)

खाडीकाठ :
दंड अजिबात नको. आधीच गप्प असलेले आणखी गप्प होतील.

विषयातच खोट आहे ताई. मोबाईलबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक, मग कोण कुणाचं कशाला ऐकेल? माहिती वाटून द्या. चार-चारचे गट करा, पंधरा जणांच्या गोलात गप्प बसणं फार सोपं असतं. काम असं द्या : चौघांना मिळून भाड्याने घर घ्यायचंय, रबाळे, ऐरोली आणि कोपरखैरणे अशा तीन जागा आहेत. एकाच्या चिठ्ठीवर भाडं आणि डिपॉझिट, दुसऱ्याच्या स्टेशनपासूनचं अंतर, तिसऱ्याच्या पाण्याची वेळ, चौथ्याच्या घरमालकाच्या अटी. चिठ्ठी दाखवायची नाही, सांगायची. शेवटी चौघांनी एकच घर ठरवायचं. ज्याच्याकडे पाण्याची वेळ आहे त्याला बोलावंच लागतं, कारण बाकीचे तिघं त्याच्यावर अडलेले असतात. अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी याच तत्त्वावर 'जिगसॉ' पद्धत सुरू केली. तिथे प्रश्न भाषेचा नव्हता, नुकतीच एका वर्गात आलेली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एकमेकांशी फटकून वागायची.

दोनशब्द :
वरच्याला +१. शिवाय विषय दिल्या दिल्या बोलायला लावू नका. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांची निरीक्षणं केली तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात. परक्या भाषेत तर दोन मिनिटं द्याच. त्या वेळात टिपणं मराठीत काढली तरी बिघडत नाही, फक्त सुटे शब्द लिहायचे. वाक्य लिहिलं की पोरं ते वाचून दाखवतात.

मग जोडीत बोलायचं, गट त्यानंतर. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी जिच्याबद्दल लिहिलंय ती ४-३-२ पद्धत बघा : तीच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, जोडीदार बदलून तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन. तिसऱ्या खेपेला जीभ आपोआप सुटते.

रबाळेकर :
नोकरीच्या जीडीचं (ग्रुप डिस्कशनचं) गणित थोडं वेगळं. तिथे चिठ्ठी कोणी देत नाही, मधे शिरावं लागतं. 'मे आय ॲड समथिंग?', 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट', 'आय सी युअर पॉइंट, बट' अशी आठ-दहा वाक्यं घोटून घ्या. पाठांतर इथे कामाचं. तुमच्या त्या दोघा बोलक्यांना काही फेऱ्यांत फक्त प्रश्न विचारायची मुभा द्या, बघा कसे तळमळतात.

चुका वहीत टिपा, शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहा. ज्यांनी अर्थ बिघडतो तेवढ्याच घ्या.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्या आज रात्रीच लिहायला घेते, आमची कार्टी त्या उलट्या करून एकमेकांना दाखवणार हे गृहीत धरून. एक राहिलं. दोन्ही गृहिणींना इंटरव्ह्यू द्यायचा नाहीये, मुलांच्या शाळेत पालकसभेत बोलायचंय. त्यांचा गट वेगळा करू का?

खाडीकाठ :
मिसळाच. पुढच्या फेरीत त्यांना घरमालकीण करा. डिपॉझिट कमी करून घ्यायला पोरांना घाम फुटेल.