रोजच्याच स्वयंपाकातून वजन आणि साखर आटोक्यात कशी ठेवावी?

प्रश्न – कृष्णाकाठ (सातारा)

माझे वय ४६ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. गेल्या महिन्यात केलेल्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.० आला. डॉक्टरांनी अजून औषध दिलेले नाही, परंतु हा मधुमेहाचा उंबरठा असून वजन कमी करणे आवश्यक आहे असे बजावले आहे.

गेले तीन महिने मी सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन चमचे मध घालून घेते व त्यानंतर पेलाभर दुधी भोपळ्याचा रस पिते. चहातली साखर बंद करून गूळ घालू लागले आहे. एवढे करूनही वजन तसूभर हललेले नाही. घरात आम्ही चौघे आहोत: पती, महाविद्यालयात जाणारा मुलगा, ७८ वर्षांचे सासरे आणि मी. नोकरी सांभाळून स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करणे मला शक्य नाही आणि बाजारातल्या महागड्या बिया आणि पावडरी मला नको आहेत. आपल्या नेहमीच्या जेवणातलेच कोणते पदार्थ आणि पेये ठेवावीत आणि कोणती कमी करावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – पथ्यपाणी (आहारतज्ज्ञ, नाशिक)

ताई, आपण तपासणी वेळेवर करून घेतली हे फार चांगले झाले, कारण एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या उंबरठ्याच्या पट्ट्यात असताना आहार आणि चालणे यांचा जेवढा उपयोग होतो तेवढा पुढे होत नाही. आपले वजन पाच ते सात टक्क्यांनी, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच किलोंनी उतरले तरी साखरेवर त्याचा चांगला परिणाम दिसू शकतो. एकदम ५० किलोंचे स्वप्न पाहण्याची गरज नाही. वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजत जा. भारतीय स्त्रियांसाठी तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानले जाते.

आता सर्वांत आधी दुधीच्या रसाविषयी, कारण येथे प्रश्न वजनापेक्षा गंभीर आहे. दुधी कडू निघाला तर त्यातील कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे तीव्र उलट्या, जुलाब आणि रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या देशात अशा रसाने मृत्यू झालेले आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या विषयासाठी तज्ज्ञांची समितीही नेमली होती. रसात आवळा किंवा पुदिना घातला की कडूपणा लपतो आणि धोका आणखी वाढतो. माझा आग्रह असा की रस बंद करावा आणि दुधीची भाजी करावी. चिरताना कच्च्या फोडीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो कडू लागला तर तो दुधी सरळ टाकून द्यावा. भाजीत त्याचा चोथाही पोटात जातो, जो रसात गाळून फेकला जातो, आणि पोट भरल्याची जाणीव देणारा भाग तोच असतो.

मध आणि गूळ यांनी वजन उतरते हा समज दूर करावा लागेल. एक चमचा मध म्हणजे साधारण २० कॅलरी आणि एक चमचा साखर म्हणजेही तेवढ्याच. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्तातली साखर तोही वाढवतो. लिंबूपाणी आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त त्यात मध नको. चहाचे गणितही करून पाहा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे गोड धरले तर ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते आणि मध व गूळ त्याच हिशेबात धरते. एकदम सोडवत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. महिन्याभरात जीभ सरावते, हा माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण त्यामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते.

दुसरे गणित तेलाचे. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्याच्या कॅलरी जवळजवळ ३४० होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना थाळीत २००० कॅलरींच्या आहाराला २७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले आहेत. त्याच थाळीत भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आहेत. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते: पोळी-भाताचा ढीग, वाटीच्या तळाशी पातळ वरण आणि तोंडी लावण्यापुरती भाजी. स्वयंपाक सर्वांसाठी एकच राहू द्या, फक्त वाढण्याचा क्रम बदला. ताटात आधी भाजी आणि कोशिंबीर, मग उसळ किंवा घट्ट वरण आणि शेवटी पोळी किंवा भात.

उत्तर – हुरडा (सोलापूर)

पथ्यपाणी यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आमच्याकडे तीन पिढ्या ज्वारीची भाकरी खातात, त्यामुळे तिच्याविषयी थोडे लिहितो. हल्ली भाकरीने वजन कमी होते असे सरसकट सांगितले जाते, पण हाताएवढ्या मोठ्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागते आणि तिच्या कॅलरी २३० च्या घरात जातात, म्हणजे सुमारे तीन लहान फुलक्यांएवढ्या. तंतूंच्या बाबतीत कोंड्यासकट दळलेला गहू ज्वारीच्या मागे नाही. भाकरीचा खरा फायदा असा की ती थापताना आणि भाजताना तेलाचा थेंबही लागत नाही, ती चावून सावकाश खावी लागते आणि तिच्याबरोबर पिठले, पालेभाजी, कांदा, ताक असेच जेवण येते. मात्र दोनाच्या चार भाकऱ्या झाल्या तर तो फायदा उरत नाही.

साताऱ्याकडे हुलगे (कुळीथ) चांगले मिळतात, त्यांचा जरूर उपयोग करा. १०० ग्रॅम हुलग्यांत २० ग्रॅमच्या पुढे प्रथिने असतात. माझी आई हुलगे मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून जाडसर दळून ठेवते. संध्याकाळी चार चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवते, चमचाभर तेलात जिरे आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी करून त्यात ओतते आणि माडगे दाटसर होईपर्यंत ढवळत राहते. वाटीभर गरम माडगे प्यायल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. शेंगदाण्याची चटणी मात्र मापात घ्यावी. शेंगदाणा पौष्टिक आहे, तरी १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात.

उत्तर – आगळ (रत्नागिरी)

पेयांचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी सांगते. कोकम सरबत आरोग्याला चांगले म्हणून अनेक जण बाटली आणतात, परंतु त्या सरबताचा अर्धाअधिक भाग साखरेचाच पाक असतो. त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारवलेला रस, आणावे आणि पेलाभर पाण्यात चमचाभर घालून जिरेपूड टाकावी. आगळात मुळातच मीठ असते, त्यामुळे वरून घालू नये आणि रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच घ्यावे. ताकही घरचे, घुसळून लोणी काढलेले आणि भरपूर पाण्याचे असावे.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दुधीच्या रसाचा धोका मला खरोखरच ठाऊक नव्हता. आजपासून तो बंद. तेलाचा हिशेब करून पाहिला, तर आमच्याकडे महिन्याला साडेपाच लिटर संपते. आणखी एक लक्षात आले की सर्वांना वाढून झाल्यावर कढईत उरलेली भाजी आणि पातेल्यातला मूठभर भात वाया जाऊ नये म्हणून मी ओट्याशी उभ्याउभ्याच संपवते आणि ते जेवणात कधी धरतच नाही.

दोन शंका राहिल्या. गुरुवार आणि एकादशी असे माझे उपवास असतात, तेव्हा काय खावे? आणि सासरे अतिशय कृश आहेत. घरात तेल-तूप कमी केल्याने त्यांना त्रास होईल का?

उत्तर – पथ्यपाणी

उभ्याने खाल्ले जाणारे ते घास आपण स्वतः टिपलेत, ही मोठी गोष्ट आहे. उरलेले लगेच डब्यात काढून झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याचे थालीपीठ किंवा फोडणीचा भात करून ते जेवणातच धरावे.

उपवासाला साबुदाणा शक्यतो टाळावा. तो टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो आणि दाण्याचे कूट, तूप व बटाटा धरून खिचडीची एक भरलेली बशी साडेपाचशे कॅलरींपर्यंत सहज जाते. त्याऐवजी वाटीभर वरीचा भात आणि त्यावर दाण्याची पातळ आमटी, सोबत दही घातलेली काकडीची कोशिंबीर असे घ्यावे. दुपारी एखादे पेरू किंवा पपईच्या फोडी चालतील. सकाळपासून पोट रिकामे ठेवून रात्री उपवास सोडताना भरपेट गोडाधोडाचे जेवण करणे मात्र आपल्या साखरेला मानवणार नाही.

सासऱ्यांची काळजी वाटणे अगदी योग्य आहे. तेल महिन्याच्या १ तारखेला चार लिटरच मोजून वेगळ्या डब्यात काढा आणि फोडणी पळीने न घालता चमच्याने घाला. त्याने स्वयंपाकाची चव फारशी बदलणार नाही. मात्र त्यांच्या ताटात मऊ भातावर एक चमचा तूप, सकाळी दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व आणि दुपारी खजूर किंवा दाण्याच्या कुटाचा लहान लाडू असे वरून वाढावे. त्यांना मधुमेह असेल तर खजूर आणि लाडू वगळून दही आणि मऊ मुगाची खिचडी वाढवावी. त्यांचे वजन गेल्या सहा महिन्यांत काही कारण नसताना उतरले असेल, तर आहार बदलण्याआधी त्यांना डॉक्टरांना अवश्य दाखवून घ्या.