मदत हवी आहे : टोटल लॉसमधली गाडी ठेवू की विमा कंपनीला देऊ?

राम राम मंडळी. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर रात्री रोही (नीलगाय) आडवा आला, वॅगनआरचं तोंड पार आत गेलं. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 3 लाख 10 हजार, दुरुस्तीचं एस्टिमेट 2 लाख 60 हजार. खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेल्यामुळं विम्याच्या सर्व्हेअरनं टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान धरलं. कंपनी म्हणते, भरपाईतून मोडक्या गाडीचे 80 हजार कापून घेतो, गाडी तुम्हीच ठेवा.

इंजिन चालू होतं. पण उजवा ॲप्रन (बॉनेटखालचा, चाकाजवळचा आतला पत्रा) वाकलाय, ड्रायव्हरचं दार लावताना खाली घासतं; खरी भीती त्याचीच. मिस्त्री म्हणतो, जुने पार्ट टाकून लाखभरात उभी करतो. बाबांना डायलिसिसला न्यावं लागते, गाडीविना भागत नाही.

ओढून सरळ केलेली गाडी हायवेला सरळ धावते का? पुढं फुल इन्शुरन्स मिळतो का? कोणी अशी गाडी ठेवली असेल तर कृपया सांगा, सोमवारी कंपनीला कळवायचं आहे.