ख्रिस्ती विद्यापीठात मीडिया शिकताना: नाशिककरांनो, अनुभव सांगा

सिडकोकर आई
लेक बारावी आर्ट्स झाली. तिला मीडिया अँड कम्युनिकेशनच करायचंय आणि तिच्या यादीत वरची दोन नावं ख्रिस्ती संस्थांची: बंगळूरूचं क्राइस्ट आणि मुंबईचं झेवियर्स. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, "बाटवतील पोरीला." हे म्हणतात, "बाटवायचं राहू दे, आधी फी बघ." जे स्वतः शिकले किंवा ज्यांची मुलं शिकली त्यांनीच लिहा. "माझ्या मित्राची मेहुणी म्हणत होती" हे नको, तसलं आमच्या कॉलनीत भरपूर मिळतं.

गंगापूर रोडवाला
ताई, मी क्राइस्टचा. पत्रकारिता, मानसशास्त्र आणि इंग्रजी असे तीन विषय घेऊन बीए. 1969 साली सीएमआय या केरळी संघाच्या फादर लोकांनी कॉलेज काढलं, 2008 पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. आवारात चॅपल आहे, कार्यक्रमाआधी प्रार्थना होते. होलिस्टिक एज्युकेशन नावाचा तास असतो, त्यात बायबल नाही, मूल्यशिक्षण असतं (आणि डुलक्या). तिथला खरा धर्म म्हणजे हजेरी. 85 टक्के! शिवाय सत्रभर सीआयए, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन. परीक्षेच्या आदल्या रात्री पास होणाऱ्या आपल्या परंपरेला तिथे काही वाव नाही.

शिकलो काय, तर ऐकायला. ऑडिओच्या असाइनमेंटला मॅडमनी "तुझ्या शहराचं काहीतरी आण" म्हटलं. मी कुंभमेळा म्हटलं. त्या म्हणाल्या, नाशिकचा प्रत्येक मुलगा कुंभमेळाच आणतो, दुसरं शोध. सुट्टीत घरी आलो आणि शरणपूर घेतलं. ज्या रस्त्यावर रोज सिग्नलला थांबायचो, तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचं शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डिंगला मात्र रिक्षांचे हॉर्न. शेवटी भल्या पहाटे गेलो. मॅडमचा एक नियम होता: बोलणं संपलं की तोंड मिटून अर्धं मिनिट नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंगला बसल्यावर कळतं का ते. दोन वाक्यांच्या मधे पूर्ण शांतता टाकली की कानाला खड्डा लागतो, तिथे ते अर्धं मिनिट वापरायचं. आज पॉडकास्टच्या कामावर पोट आहे, आणि मी अजूनही तेच करतो.

नाशिकरोडची कॅथलिक
आजींना माझा सलाम कळवा. मी जन्माने ख्रिस्ती, घर बाळ येशू मंदिराजवळ, तरी दक्षिणेतल्या अशाच एका संस्थेत मीच उपरी! आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, पदं मराठी, काही तर अभंगाच्या चालीवर. तिथे सगळं इंग्रजी नाहीतर मल्याळम. मुलांना वाटायचं ख्रिस्ती म्हणजे गोवा किंवा केरळ. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, 1842 पासूनचं ख्रिस्ती नियतकालिक 'ज्ञानोदय', हे सांगितल्यावर एका सरांनी मला त्यावरच सेमिनार द्यायला लावला. त्यानंतर जरा भाव वधारला.

कॅथलिक संस्था या विषयात इतक्या का, हे मलाही तिथेच कळलं. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, वृत्तपत्रं, सिनेमा, रेडिओ, टीव्ही यांवर स्वतंत्र आदेश काढला. तेव्हापासून मीडिया हा चर्चच्या कामाचाच भाग. वर्गात मात्र आम्ही चर्चच्या बातम्यांचीही चिरफाड केली, कुणी अडवलं नाही.

वकील काका, पंचवटी
राज्यघटनेचं कलम 28(3) आजींना वाचून दाखवा. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षण वा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेला, असेल तर पालकांची संमती लागते. विषय संपला. फीवर कायदा फार मदत करणार नाही.

पासधारक
पदवीनंतर झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्सचा डिप्लोमा केला. तीही 1969 चीच, झेवियर्सच्याच आवारात. सीएसएमटीवरून चालत जाता येतं म्हणून पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून अप-डाउन. लोक कौतुक करतात, पण संध्याकाळी कसाऱ्याला बँकर (घाट चढवायला लावतात ते जादा इंजिन) लागेपर्यंत ताटकळताना असाइनमेंट होत नाही, झोप होते. पोरीला हे करू देऊ नका, होस्टेल बघा.

एक बाप
संस्थेचं नाव लिहीत नाही. शिक्षण चांगलं, पण माहितीपुस्तकात फक्त शिक्षण शुल्क असतं. लॅपटॉप, कॅमेरा, सॉफ्टवेअर, फील्ड ट्रिप हे सगळं वरून. गणपतीला रजा मागितली तर हजेरीचा तक्ता पुढे केला. कर्ज काढताना तीन वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च धरूनच काढा.

डेस्कवरून
मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक. अशा संस्थांतून आलेली मुलं इंटर्न म्हणून येतात. व्हिडिओ झकास, प्रश्न विचारायला घाबरत नाहीत, स्रोत दोनदा तपासतात. पण लासलगावच्या कांदा बाजारात पाठवलं की गडबड. एकीने कांद्याच्या बातमीत फक्त कमाल भाव दिला. सांगितलं, बाई, कमाल भाव दोन-चार वक्कलांना (लिलावातल्या मालाच्या लॉटना) मिळतो, शेतकरी आधी सरासरी बघतो, आणि तोही क्विंटलचा. पुढच्या वेळी पोरगी लिलावाला उभी राहून किमान, कमाल, सरासरी तिन्ही घेऊन आली आणि आडत्याशी बोलूनही आली. मराठीत लिहायचं असेल तर पदवी कुठूनही घ्या, पण सुट्टीत तालुक्याची बातमीदारी करा. आपल्याच एचपीटी कॉलेजचा पत्रकारिता विभाग फीच्या मानाने अजिबात कमी नाही, हेही तुमच्या यजमानांच्या कानावर घाला.

सिडकोकर आई
28(3) वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग रविवारी देवळात जाते का विचार." डेस्कवाले दादा, सुट्टीत ती तुमच्याकडे आली तर चालेल का? आणि बंगळूरूला जायला गाडी कुठली?

डेस्कवरून
पाठवा, मे महिन्यात. उन्हाची टोपी घेऊन.

गंगापूर रोडवाला
मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस. रिझर्व्हेशन लवकर करा, ऐनवेळी वेटिंगच मिळतं.