भ्रूण वारंवार रुजत नसेल तर सुचवल्या जाणाऱ्या उपचारांमागे कितपत पक्के संशोधन आहे?

रानजाई (नाशिक)

नमस्कार. माझे वय चौतीस आहे. आयव्हीएफमध्ये आमचे भ्रूण दर वेळी पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढलेले होते, गर्भाशयाच्या अस्तराची जाडीही पुरेशी होती, तरीही ट्रान्सफरनंतरचा, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचा, बीटा एचसीजीचा (गर्भधारणेच्या रक्ततपासणीचा) अहवाल प्रत्येक वेळी निगेटिव्ह आला. आता आमच्या फाइलवर 'आरआयएफ', म्हणजे भ्रूण वारंवार न रुजणे, अशी नोंद झाली आहे. काही भ्रूण अजून गोठवून ठेवलेले आहेत. पुढच्या ट्रान्सफरपूर्वी ईआरए (ट्रान्सफरची योग्य वेळ ठरवण्यासाठी अस्तराची तपासणी), गर्भाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स भरपूर असलेला द्रव), इंट्रालिपिड या स्निग्ध द्रवाचे सलाइन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या हे सगळे एकदमच करून घ्यावे, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. त्यातले पीआरपी हा एका अभ्यासाचा भाग आहे आणि त्यासाठी संमतिपत्रावर सही करायची आहे, मात्र त्याचे पैसे आम्हीच भरायचे आहेत.

घरचे म्हणतात की एवढे केले आहे तर हेही करून टाका, मनात रुखरुख राहायला नको. मला मात्र आधी समजून घ्यायचे आहे. या चारही गोष्टींची नीट तुलना करून, म्हणजे त्या दिलेल्या आणि न दिलेल्या स्त्रियांचे गट पाडून, कुणी पाहिले आहे का? आणि अभ्यासात सहभागी होताना पैसे भरावे लागणे योग्य आहे का? ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. धीराचे शब्द मला पुष्कळ मिळाले आहेत. मला माहिती हवी आहे.

नोंदवही (पुणे)

रानजाईताई, मी क्लिनिकल ट्रायलच्या माहितीचे विश्लेषण करण्याचे काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या प्रकृतीबद्दल काही सांगणार नाही, फक्त संशोधनाबद्दल लिहितो.

सुरुवात स्टेरॉइडपासून करतो, कारण तिथे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. चीनमधील आठ केंद्रांत ७१५ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या सगळ्या स्त्रियांना दोन किंवा अधिक वेळा अपयश आलेले होते आणि त्यांचे भ्रूण चांगल्या प्रतीचे होते, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. निम्म्या स्त्रियांना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन दिले आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते आहे हे त्या स्त्रियांनाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. औषध घेतलेल्यांपैकी ३७.८ टक्के स्त्रियांना बाळ झाले, न घेतलेल्यांपैकी ३८.८ टक्क्यांना. म्हणजे फायदा काहीच नाही. उलट, रक्ततपासणीत गर्भधारणा दिसून ती लगेच संपण्याचे प्रमाण औषधाच्या गटात १७.२ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ९.९ टक्के. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही औषधाच्या गटात अधिक झाल्या. 'घेऊन बघायला काय हरकत आहे' असे या गोळीबद्दल म्हणता येत नाही.

त्या अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना काहीही दिले नाही, त्यांच्यापैकीही जवळजवळ चाळीस टक्के स्त्रियांना पुढे बाळ झाले. या स्त्रियांना इंट्रालिपिड दिले असते किंवा गर्भाशयात पीआरपी सोडले असते, तर श्रेय त्या उपचाराला गेले असते. आपोआप उतरत चाललेल्या तापात शेवटच्या दिवशी घेतलेल्या काढ्याला गुण येतो, तसेच हे आहे. दवाखान्याने 'आमच्याकडे इतक्या जणींना यश आले' असे सांगितले तरी, न दिलेल्यांचा गट शेजारी नसेल, तर त्या सांगण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

या क्षेत्रात हे पूर्वीही घडले आहे. इस्राएलमधील रेहोवोत येथे १३४ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयव्हीएफच्या आधीच्या पाळीत अस्तराचा लहानसा तुकडा काढला, म्हणजे तिथे किंचित जखम केली, तर यशाचे प्रमाण दुपटीने वाढते असे त्यात दिसले. त्यानंतर जगभर 'स्क्रॅचिंग' सुरू झाले. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या पुढाकाराने पाच देशांत १,३६४ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा जखम केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत बाळ होण्याचे प्रमाण अगदी सारखे, २६.१ टक्के निघाले. ही चाचणी केवळ वारंवार अपयश आलेल्यांची नव्हती, हे नमूद करणे आवश्यक आहे. तरीही पहिल्या अभ्यासातली दुप्पट वाढ इतक्या मोठ्या चाचणीत कुठेच दिसू नये, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ईआरएमध्ये अस्तरातील दोनशेहून अधिक जनुकांची हालचाल मोजून ट्रान्सफरची योग्य वेळ ठरवतात. कल्पना तर्कसंगत होती. अमेरिकेत ७६७ जणांवर झालेल्या चाचणीत, ज्यांच्या ट्रान्सफरची वेळ या तपासणीनुसार ठरवली त्यांच्यापैकी ५८.५ टक्के स्त्रियांना बाळ झाले आणि नेहमीच्या वेळी ट्रान्सफर केलेल्यांपैकी ६१.९ टक्क्यांना. हा अभ्यास २०२२ चा आहे. तोही सर्वसाधारण रुग्णांचा होता आणि त्यात गुणसूत्रे तपासलेले भ्रूण वापरले होते.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातील फॉस्फोलिपिड यांचे मिश्रण. ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही अशा रुग्णांना शिरेतून पोषण देण्यासाठी ते तयार झाले. भ्रूण रुजण्यासाठी ते वापरण्यामागे प्रतिकारशक्तीला आवर घालण्याची कल्पना आहे, पण चीनमधील स्टेरॉइडच्या अभ्यासाच्या तोडीची चाचणी त्यामागे नाही. पीआरपीचे अभ्यास पुष्कळ आहेत, काही आशादायकही आहेत, परंतु बहुतेक लहान आहेत, प्रत्येक ठिकाणी रक्तातून ते तयार करण्याची रीत वेगळी आहे आणि कोणाला ते दिले हे अनेकदा लपवलेले नसते. या स्थितीत त्याची आणखी चाचणी व्हायला हवी असे म्हणणे रास्त आहे. सिद्ध उपचार म्हणून ते विकणे रास्त नाही.

सावली (लेस्टर)

वरचा प्रतिसाद वाचला. आकड्यांबद्दल माझा वाद नाही. पण या मार्गावरून मीही गेले आहे आणि एक प्रश्न मला तेव्हाही पडत होता. चाचणीचा निष्कर्ष म्हणजे सरासरी असते. सातशे स्त्रियांमध्ये अशा थोड्याजणी असू शकतात, ज्यांच्या शरीरात खरोखरच प्रतिकारशक्तीचा अडथळा आहे आणि ज्यांना स्टेरॉइडने लाभ झाला असेल. दुसऱ्या काहींना तोटा झाला असेल, आणि दोन्ही मिळून बेरीज शून्य आली असेल. मग 'उपयोग नाही' असे ठामपणे कसे म्हणायचे? माझ्या रक्ततपासणीत एनके पेशी ('नॅचरल किलर' या प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढलेल्या आल्या होत्या. अशा वेळी त्यावर काहीच न करता पुढच्या ट्रान्सफरला सामोरे जाणे किती कठीण असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल.

नोंदवही (पुणे)

सावलीताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि संशोधकही तोच विचारतात. अशा काहीजणी असतील ही शक्यता मी नाकारत नाही. पण त्यांना लाभ द्यायचा तर आधी त्यांना ओळखता आले पाहिजे, आणि ओळखणारी खात्रीची तपासणी आज हातात नाही. रक्तातील एनके पेशी आणि गर्भाशयाच्या अस्तरातील एनके पेशी वेगळ्या असतात. नावाचा धाक वाटतो, पण अस्तरातल्या या पेशी गर्भाला मारत नाहीत, उलट वार (प्लासेंटा) तयार होताना तिथल्या रक्तवाहिन्यांची घडण करण्यात त्यांचा वाटा असतो. रक्तातील संख्येवरून अस्तरात काय चालले आहे ते कळत नाही. त्यामुळे त्या अहवालावरून औषध देणे म्हणजे पुन्हा सरसकट देण्यासारखेच होते, आणि सरसकट दिल्याचा निकाल आपल्यापुढे आहेच.

काहीच न करणे कठीण असते, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

ओवी_स्त्रीरोग (सांगली)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. चर्चा चांगली चालली आहे, परंतु ती सगळी अस्तराभोवतीच फिरते आहे, म्हणून भ्रूणाची बाजू मांडते.

भ्रूण न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण स्वतः भ्रूणच असते. सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसणाऱ्या भ्रूणातही गुणसूत्रांची संख्या चुकलेली असू शकते, आणि स्त्रीच्या वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४,४२९ स्त्रियांची माहिती तपासली होती. गर्भाशयाची पोकळी निर्दोष असताना, गुणसूत्रे तपासून योग्य ठरलेले भ्रूण एकेक करून तीन वेळा सोडण्याची संधी मिळाली, तर सुमारे ९५ टक्के स्त्रियांमध्ये गर्भ रुजतो, असा त्याचा अंदाज होता. हे जुन्या नोंदींवरचे काम आहे आणि मध्येच उपचार सोडलेल्यांमुळे आकडा थोडा फुगलेला असणार, तरी दिशा स्पष्ट आहे. ज्यांचे अस्तरच भ्रूण स्वीकारत नाही अशा स्त्रिया फार थोड्या आहेत.

यावरून सर्वांनी भ्रूणाची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी असे मात्र ठरत नाही. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत तपासणी केलेल्या गटात एकूण ७७.२ टक्के स्त्रियांना बाळ झाले आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्क्यांना. त्या तरुण होत्या आणि त्यांच्याकडे भ्रूण भरपूर होते. तपासणीमुळे नवा चांगला भ्रूण निर्माण होत नाही, आहेत त्यांतून निवड करता येते एवढेच. शिवाय आपल्याकडे ही तपासणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते आणि ती नोंदणीकृत केंद्रातच करता येते, हेही लक्षात असू द्यावे.

रानजाईताई, तुमच्या फाइलवरील 'आरआयएफ' या नोंदीबद्दल थोडे सविस्तर सांगते. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या 'एश्रे' या संस्थेने २०२३ मध्ये शिफारस केली की सगळ्यांना अपयशाच्या संख्येची एकच अट लावू नये. त्या जोडप्याच्या बाबतीत आतापर्यंत गर्भ रुजण्याची एकत्रित शक्यता साठ टक्क्यांच्या पुढे गेलेली असूनही तो रुजला नसेल, तरच पुढील तपास सुरू करावा. प्रत्येक ट्रान्सफरला ३५ टक्के शक्यता धरली, तर ही मर्यादा तिसऱ्या ट्रान्सफरनंतर ओलांडली जाते. शक्यता १५ टक्केच असेल, तर सहा ट्रान्सफर व्हावी लागतात. आणि ३५ टक्क्यांच्या हिशेबानेही तीनदा ओळीने अपयश येण्याची शक्यता २७ टक्के असते, तेही शरीरात कोणताच दोष नसताना. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की माझ्या वयाला आणि माझ्या भ्रूणांना धरून तुम्ही किती शक्यता मानत होता. पुढचे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

मग काय पाहावे? गर्भनलिकेत पाणी साठलेले आहे का, हे सर्वांत आधी. ते पाणी गर्भाशयात उतरते आणि रुजण्यात अडथळा आणते. आयव्हीएफपूर्वी अशी नलिका काढल्याने किंवा बंद केल्याने लाभ होतो, आणि यामागे स्कँडिनेव्हियातील १९९९ च्या चाचणीपासूनचा भक्कम पुरावा आहे. नंतर त्रिमितीय सोनोग्राफी किंवा दुर्बिणीतून गर्भाशयाच्या पोकळीची पाहणी: पडदा, चिकटलेला भाग, पॉलिप, आतल्या बाजूला आलेला फायब्रॉइड. थायरॉइड. पती-पत्नी दोघांची गुणसूत्रे. रक्तात गुठळ्या होण्याचा किंवा गर्भपातांचा इतिहास असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे. अस्तराला जुनाट सूज आहे का हे सीडी १३८ या रंजकतपासणीने पाहतात आणि असल्यास डॉक्सिसायक्लिन देतात. ते वाजवी आहे, पण त्यामागचा पुरावा बहुतांशी निरीक्षणांवर आधारलेला आहे.

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांमध्ये फारशी न आढळणारी, पण आपल्याकडे विसरता न येणारी गोष्ट म्हणजे गर्भाशयाचा क्षयरोग. तो अनेकदा वेदना किंवा ताप न देता अस्तर पातळ करतो, पोकळी चिकटवतो आणि नलिका बंद करतो. शंका असेल तर अस्तराच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट ही क्षयरोगाची जनुकीय चाचणी करावी. केवळ पीसीआर (जंतूच्या डीएनएची तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांची क्षयरोगाची औषधे सुरू करण्याची प्रथा मला योग्य वाटत नाही, कारण मेलेल्या जंतूंच्या अंशामुळेही ती तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

रानजाई (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. गर्भनलिकांचा एक्स-रे फार पूर्वी काढला होता. तो नव्याने पाहायला सांगते. स्टेरॉइड घ्यायचे नाही हे आम्ही ठरवले आहे. पीआरपीच्या अभ्यासाबद्दल कुणी सांगू शकेल का? संमतिपत्रावर नोंदणी क्रमांक दिसत नाही.

नोंदवही (पुणे)

ताई, मग सही करण्यापूर्वी तो क्रमांक मागून घ्या. भारतातील क्लिनिकल ट्रायलची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' म्हणजे 'सीटीआरआय'मध्ये होते आणि १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वीच करावी लागते. संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. क्रमांक नसेल तर तुम्हाला सांगितलेला 'अभ्यास' हा कदाचित दवाखान्याचा नेहमीचा, पैसे घेऊन दिलेला उपचारच असेल.

पैशांबद्दल आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. नेहमीच्या उपचाराच्या पलीकडे जो खर्च संशोधनासाठी होतो, त्यात तपासण्याही आल्या आणि उपचारही आले, तो सहभागी व्यक्तीकडून घेऊ नये. तुमच्या ट्रान्सफरचा खर्च तुमचा. पीआरपी संशोधन म्हणून देत असतील तर त्याचा खर्च त्यांचा. हे लेखी विचारा आणि नैतिक समितीच्या मंजुरीचे पत्रही पाहा. त्या समितीचा संपर्क संमतिपत्रावर असायला हवा, आणि सहभाग नाकारल्याने किंवा मध्येच सोडल्याने तुमच्या नेहमीच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही, असे वाक्यही त्यात असायला हवे.

नोंद सापडली तर दोन गोष्टी नीट पाहा. पीआरपी न मिळणारा गट आहे का आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते का, ही पहिली. मुख्य निष्कर्ष म्हणून काय मोजणार आहेत, ही दुसरी. तिथे नुसता बीटा एचसीजी पॉझिटिव्ह किंवा 'गर्भधारणेचे प्रमाण' असेल, तर तो अभ्यास तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. जिवंत बाळाचा जन्म मोजला जायला हवा.