धवळे आणि धवलारीण

'धवळे' म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. हा शब्द धवल म्हणजे पांढरा यावरून आला, पण लग्नाच्या गाण्याचा पांढऱ्या रंगाशी काय संबंध, हा प्रश्न उरतोच. मला वाटतं, इथे धवल म्हणजे उजळ, शुभ, यशस्वी असं घ्यावं. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात विवाहात 'धवल' गावेत असं आहे, म्हणजे गीतप्रकार म्हणून हा शब्द तेव्हाच रुळला होता. गुजरातीतलं 'धोळ'ही त्याच घरातलं.

मराठीत धवळे म्हटलं की महानुभाव पंथातली आद्य कवयित्री महदंबा. रिद्धपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांना स्वतःच्या लग्नाची लहर आली, सगळी तयारी झाली आणि हिनं तिथल्या तिथे रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचून म्हटले. (हट्ट पुरवावा तर असा!)

आणि शब्द फक्त पोथीत उरलाय असंही नाही. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते, वारल्यांमध्ये धवलेरी. तिथे ती नुसती गाणारी नव्हे, लग्न लावणारीच. वारल्यांच्या लग्नात तर भटजीचं काम तिच्याकडेच. जुन्या मराठीत 'धवळार' म्हणजे वाडा, त्यामुळे धवलारीण म्हणजे वाड्यातली बाई असा अर्थ मात्र कुणी लावू नका.