समुद्रात कयाकवर फिश फाइंडर लावायचाय, कुठला घेऊ आणि खाऱ्या पाण्यापासून वाचवू कसा?

रावस_वेडा
नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. धरणावर गळ टाकणं बरीच वर्षं चालू आहे, आता समुद्रात उतरायचंय. बारा फुटी सिट-ऑन-टॉप कयाक घेतलीये, प्लास्टिकची, वल्ह्याची, पेडलवाली नाही. प्लॅन असा की पावसाळा सरला की त्र्यंबक-जव्हारमार्गे गाडीच्या टपावर टाकून डहाणू, बोर्डी, केळवे साइडला जायचं. फार आत जायचं नाही, एक-दोन किलोमीटरच्या आतच खडपं (पाण्याखालचे खडक) शोधायची, रावस, तांबोशी, हेकरू काय मिळतं बघायचं. आता फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवतो ते मशीन) घ्यायचाय, बजेट ओढूनताणून तीस हजार. ४ इंची पुरेल का ७ इंची घेऊ, साइड स्कॅन (दोन्ही बाजूंचा तळ दाखवतो तो) लागतो का, तो फेकायचा वायरलेस बॉलवाला समुद्रात चालतो का, आणि मेन म्हणजे हे सगळं इलेक्ट्रॉनिक सामान खाऱ्या पाण्यात टिकतं का? दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ आहे बिनधास्त घ्या. पैसे एकदाच घालायचेत म्हणून विचारतोय, ज्यांनी वापरलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

अंबड_पॅनलवाला
भाऊ, कुठला घ्यायचा ते पटकन सांगतो कारण त्यात अवघड काही नाही. ४ किंवा ५ इंची स्क्रीन, चर्प सोनार (एकाऐवजी बऱ्याच फ्रिक्वेन्सी सोडतो, चित्र स्पष्ट येतं), आत जीपीएस, बस. गार्मिन स्ट्रायकर ४, लोरान्स हूक रिव्हील ५, हमिनबर्ड हेलिक्स ५ या वर्गातलं काहीही चालेल, फक्त भारतात वॉरंटी आणि सर्व्हिस कोण देतो ते पैसे द्यायच्या आधी विचार. बाहेरून मागवलं तर कस्टम पण धर. ७ इंची नको, ती बॅटरी जास्त खाते, वल्हं मारताना आडवी येते आणि लाटेचा फटका पण तिलाच जास्त बसतो. साइड स्कॅनला एका वेगाने सरळ जावं लागतं, वल्ह्याच्या कयाकचं तोंड प्रत्येक वल्ह्याला इकडे तिकडे होतं आणि चित्र फाटतं, त्यामुळे त्याचे पैसे वाचव. जीपीएस मात्र पाहिजेच, खडप सापडलं की तिथं पॉइंट मारून ठेवता येतो. नकाशा नसला तरी चालेल.

बीमचं, म्हणजे मशीन खाली सोडतं त्या आवाजाच्या झोताचं, थोडं समजून घे कारण सगळे इथं गोंधळतात. २०० किलोहर्ट्झचा बीम साधारण २० अंशाचा असतो, म्हणजे १० मीटर पाण्यात तुला तळाचं फक्त साडेतीन मीटरचं वर्तुळ दिसतंय. ८३ किलोहर्ट्झवर कोन ६० अंशाच्या आसपास जातो, तेच वर्तुळ साडेअकरा मीटर होतं, पण तळ पुसट दिसतो आणि मासा नक्की कयाकखाली आहे का बाजूला ते कळत नाही. खडप शोधताना रुंद लावायचा, सापडलं की २०० वर यायचं.

आता वॉटरप्रूफचं. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी आत पाणी जात नाही, आणि ती टेस्ट गोड्या, शांत पाण्यात होते. मिठाबद्दल त्यात एक अक्षर नाही आणि मागच्या पिनांबद्दल तर नाहीच. माझं रोजचं काम कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं आहे आणि ओळखीच्या लोकांचे चार-दोन फिश फाइंडर उघडून बघितलेत, एकाचीही स्क्रीन गेली नव्हती, सगळे प्लगमध्ये गेले होते. पॉवरच्या प्लगमध्ये खारं पाणी शिरलं आणि १२ व्होल्ट चालू राहिले की प्लसची पिन पाण्यात विरघळत जाते. प्लग ओढून बघ, मायनसची पिन चकचकीत असते आणि प्लसच्या मुळाशी हिरवी-निळी पावडर साठलेली असते, ती खरवडली की खाली निम्मी पिन उरलेली. समुद्रात एखादा थेंब जाणारच, तो जाऊनही करंट वाहू नये हे बघायचं. म्हणून किनाऱ्याला लागल्या लागल्या पहिलं काम, बॅटरी डिस्कनेक्ट. बटन बंद करून भागत नाही, वायरमध्ये व्होल्टेज असतंच.

प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भर, स्पार्क प्लगच्या बुटात लावतात तेच, ऑटो स्पेअरवाल्याकडे मिळतं. थोडंच लाव, रबराच्या कडेला आणि पिनेच्या मुळाशी. वायर टिनवाली घे, म्हणजे आतली तार चंदेरी असते ती. साधी तांब्याची तार इन्सुलेशनच्या आतून काळी पडत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक वापर, इन्सुलेशन टेप खाऱ्या हवेत सुटतो. प्लसला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाक, किती अँपियरचा ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं.

बॅटरी १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट घे, ६ अँपियर-अवर पुरे. ४ इंची मशीन पाव ते अर्धा अँपियर खातं, म्हणजे दिवस आरामात निघतो. यूपीएसची ७ ची लेड-ॲसिड स्वस्त आहे पण दोन किलोच्या वर वजन आणि निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य संपतं. तीन १८६५० सेलचा (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे लिथियम सेल) पॅक कोणी सुचवेल, त्याचं व्होल्टेज शेवटी १० च्या खाली येतं आणि काही मशीन त्याआधीच बंद पडतात, ऐन माशाच्या वेळी. बॅटरी हवाबंद डब्यात ठेव, वायर केबल ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणारं सील) बाहेर काढ, पण चार्ज करताना डबा उघडा ठेवायचा. लेड-ॲसिडचा गॅस बंद डब्यात साठू द्यायचा नाही.

डहाणूची_लेक
मी मूळची डहाणूची, लग्नानंतर नाशिकात. माहेरी होड्या आहेत म्हणून किनाऱ्याचं सांगते, मशीनचं दादांनी सांगितलंच आहे.

तुम्ही जिथं जाणार तिथं समुद्र उथळ आहे, उतार फार हळू. एक-दोन किलोमीटरवर जास्त खोली मिळत नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या पॉवरफुल सोनारला पैसे घालू नका. पण आमच्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे सकाळी जे खडप आठ मीटरवर दिसलं ते दुपारी चार मीटरवर येतं, काही तर उघडं पडतं. पॉइंट मारताना नुसती खोली नका लिहू, भरतीची वेळ पण लिहा. भांगेच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) ओढ कमी असते, पाणी जरा निवळ असतं, नवीन माणसाने तेव्हाच जावं. उधाणाला गाळ उठतो आणि स्क्रीनवर सगळीकडे ठिपके दिसतात, नवीन माणसाला वाटतं मासाच मासा.

बोर्डीला ओहोटीला पाणी खूप लांब जातं, कयाक वाळूतून आणि चिखलातून ओढत न्यावी लागते, तर ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा सेन्सर) तळातून खाली आलेला असेल तर पहिल्याच दिवशी घासेल. तो वर उचलता येईल असाच बसवा. आणि लाटा फुटतात तो पट्टा ओलांडेपर्यंत मशीन लावूच नका, ड्राय बॅगमध्ये घालून हॅचमध्ये (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात) ठेवा, पलीकडे शांत पाण्यात गेल्यावर लावा, परत येताना लाटांच्या आधी काढा. मशीनला दोरी बांधलेली असू द्या.

अजून एक, आणि हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. या पट्ट्यात डोल जाळी लावलेली असतात, खुंटांना बांधलेली, पाणी ओढीचं असलं की कयाक त्यावर जाऊन आडवी होऊ शकते. फिश फाइंडर खालचं दाखवतो, समोरची जाळी दाखवत नाही. सारखं स्क्रीनमध्ये बघत बसू नका. निघायच्या आधी बंदरावर जाऊन तिथल्या मच्छीमारांना विचारा कुठं जाळी आहेत, माणसं चांगली आहेत, नीट सांगतात. त्यांच्या बोयांना कयाक बांधू नका. लाटांचा अंदाज इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) साइटवर बघा, लाइफ जॅकेट अंगात घाला, मागे अडकवून ठेवू नका, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये ठेवा, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये. जून-जुलैत तर विचारच नको.

कॉलेजरोड_कयाकर
फेकायच्या बॉलबद्दल. धरणात काठावरून झकास चालतो, समुद्रात कयाकच्या मागे ओढायला माझा विरोध आहे. मोबाइलशी वायफायने जोडलेला असतो, उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसत नाही, ओल्या बोटांनी टच चालत नाही, मोबाइल तापून बंद पडतो, आणि तोच मोबाइल तुझा इमर्जन्सीचा फोन आहे. वायरवाला घे. आणि पोलराइज्ड गॉगल घालत असशील तर दुकानात तोच गॉगल घालून स्क्रीन आडवी-उभी फिरवून बघ, काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात.

रावस_वेडा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, ताई जाळ्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका अजून. ट्रान्सड्यूसर कयाकच्या आतून तळाला चिकटवला तर चालतो का, म्हणजे घासायचा प्रश्नच नाही? आणि धुवायचं कसं, घरी येऊन पाइपने मारलं तर?

अंबड_पॅनलवाला
आतून चालतो, पण तळ एकाच थराच्या सलग प्लास्टिकचा असेल तरच. तीन थरांची असेल, मधे फोमसारखा थर, तर आवाज त्यातल्या हवेतच अडकतो आणि काही दिसत नाही. कंपनीच्या स्पेकमध्ये बघ, किंवा हॅच उघडून तळावर थोडं पाणी ओत, ट्रान्सड्यूसर त्यात ठेव आणि पाण्यावर टेस्ट घे, खोली नीट आली तर चिकटव. चिकटवताना खाली एकही बुडबुडा राहता कामा नये, बुडबुडा म्हणजे आंधळा सोनार. आतून लावल्यावर सिग्नल थोडा कमी होतो, आपल्या खोलीला चालून जातं. पाण्याचं तापमान मात्र खरं येत नाही, ते कयाकच्या तळाचं येतं. आणि डाउन स्कॅनवालं (खालच्या तळाचं फोटोसारखं चित्र दाखवणारं) मशीन घेणार असशील तर आतून लावू नको, ते चित्र प्लास्टिकमधून खराब येतं, त्याला बाजूच्या दांडीवर, वर उचलता येईल असा लाव. दांडीचा ब्रॅकेट अंबड किंवा सातपूरला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचा करून घे, नटबोल्ट ३१६ स्टीलचे सांग, आणि स्टील-ॲल्युमिनियमच्या मधे नायलॉनचा वॉशर टाक, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम बोल्टभोवती पांढरं होऊन खाल्लं जातं. ट्रान्सड्यूसरची केबल लांब झाली म्हणून कापायची नाही, आत शील्डिंग असतं, मोठं वेटोळं करून बांधून ठेव.

धुण्याचं नीट ऐक, नाशिककरांचा घोळ इथंच होतो. मुंबईवाला तासाभरात घरी पोचून धुतो. आपण किनाऱ्यावरून निघतो, जेवतो, जव्हारचा घाट चढतो, उन्हात टपावर तीन-चार तास, आणि घरी पोचेस्तोवर पाणी उडून मीठ प्लगच्या चुण्यांमध्ये कडक बसलेलं असतं. ते मग नुसत्या धुण्याने निघत नाही आणि पुढच्या वेळी दमट हवेत परत ओलं होतं. म्हणून घरून गोड्या पाण्याचे दोन कॅन न्यायचे आणि कयाक टपावर चढवायच्या आधी तिथंच धुवायचं. बॅटरी काढलेली, प्लगला टोपण लावलेलं, मग हलक्या धारेने मशीन, प्लगची बाहेरची बाजू, ट्रान्सड्यूसर, ब्रॅकेट. पाइपची जोरदार धार किंवा प्रेशर वॉशर मारायचा नाही, तो पाणी सीलच्या आत ढकलतो. सुती कापडाने पुसून सावलीत, गाडीच्या आत. घरी आल्यावर प्लग उघडून कोरडे करायचे, हिरवं दिसलं तर जुन्या टूथब्रशने काढायचं, नवीन ग्रीस. स्क्रीन फक्त ओल्या मऊ कापडाने, काच साफ करायचा अमोनियावाला स्प्रे नको, वरचं कोटिंग जातं. मच्छर पळवायचं क्रीम लावलेल्या हाताने मशीनला हात लावू नको, डीट असलेलं क्रीम प्लास्टिक खातं. आणि बॅटरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरायची नाही.

कॉलेजरोड_कयाकर
समुद्राआधी गोड्या पाण्यात ट्रायल घेच. गंगापूर धरणावर जायचं तर परवानगीचं आधी बघ, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते. नांदूरमध्यमेश्वरला अजिबात नको, अभयारण्य आहे, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण आहे. ट्रायलला मशीनमधलं माशाचं चिन्ह बंद कर, ते गाळाला आणि फांदीला पण मासा म्हणतं. त्याऐवजी तळाची रेघ वाचायला शीक, चिखल असला की रेघ पातळ आणि फिकी, खडक असला की जाड आणि उजळ, आणि कडक तळाला खाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघ येते. रेघ समजली की खडपं आपोआप सापडतात. सेन्सिटिव्हिटी आधी ऑटोवर ठेव, गाळ फार दिसायला लागला तर थोडी थोडी कमी कर. आणि डहाणूला उतरायच्या आधी मेनूत गोड्या पाण्याचं सेटिंग बदलून खाऱ्यावर टाक.