एमएमआर (मुंबई महानगर प्रदेश) नकाशात एक, पण शेजारच्या गावाला जायचं तर? तुमच्याकडे काय परिस्थिती?

हमरापूरकर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. आमचा गणपतीचा कारखाना, तालुका पेण, गाडीचा नंबर एमएच ०६. कागदावर आम्ही मुंबई महानगर प्रदेशात. २०१९ ला हद्द वाढवली तेव्हा ६,३२८ चौरस किलोमीटर झाला म्हणे हा प्रदेश, म्हणजे वसई-विरार, भिवंडी, कल्याण, उरण, अलिबाग सगळे एकाच पंगतीत. तर मागच्या महिन्यात आत्याकडे वसईला साखरपुड्याला निघालो. एसटीने पनवेल, तिथून वसईची मेमू, ती दिवसाला मोजक्याच, चुकली. मग हार्बर, वडाळा, अंधेरी, विरार लोकल. पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झालेल्या आणि पेढेच उरलेले. आमच्या मूर्ती टेम्पोने वसईला, कल्याणला बरोबर वेळेत पोचतात, माणूस नाही पोचत. हाताच्या बोटांसारखं झालंय, एका बोटावरून शेजारच्या बोटावर जायचं तर आधी मनगटापर्यंत मागे या. तुम्हाला तुमचं शेजारचं शहर आपलं वाटतं का? की सगळ्यांची ओळख फक्त मुंबईशीच?

मोऱ्याची पोर:
दादा मनगटाचं एकदम पटलं. मी उरणची. लहानपणी मुंबई म्हणजे मोरा ते भाऊचा धक्का लाँच, आणि मोठी ओहोटी असली की गाळात लाँच लागायची नाही मग बसा धक्क्यावर वाट बघत. आता अटल सेतू झाला, १२ जानेवारी २०२४, उतरतो आमच्या चिर्ल्याला, पण बाईकला बंदी आणि कारला एका बाजूचे २५० रुपये, आमच्या घरात कारच नाही तर काय उपयोग. खरा फरक पडला तो त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली त्याने. सुरुवातीला तासाला एखादी गाडी होती तरी नेरूळ, बेलापूर एकदम घरचं वाटायला लागलं. माझी मैत्रीण सीवूड्सला राहते, आधी लग्नकार्यालाच भेट व्हायची, आता भाजी कुठली चांगली ते पण फोनवर विचारते आणि संध्याकाळी येऊन घेऊन जाते. उलट समोरचं रेवस बघा. करंज्यावरून तरीत (होडीत) बसलं की पंधरा मिनिटं, आणि गाडीने जायचं तर पेण, वडखळ करून अख्खा वळसा. रेवस-करंजा पुलाचं मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय.

पापडीवाला:
वसईकर हजर. दादा पेढे तरी मिळाले ना. 😀 आमची आजी पहाटेच्या गाडीने केळी आणि भाजी घेऊन दादरला जायची, दादर म्हणजे तिचं अंगण. भाईंदर रोज खिडकीतून बघितलं, जन्मात कधी उतरली नाही. मी तरी कुठे उतरतो? लोकलने दहा-बारा मिनिटांवर आहे पण काम काय तिकडे. रस्त्याने जायचं म्हटलं तर आधी हायवेला बाहेर या, मग वर्सोवा पूल, काशिमिरा, परत आत, मधे खाडी आहे ना. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदरची रो-रो (गाड्या नेणारी बोट) सुरू झाली तेव्हा हौसेने बुलेट टाकून गेलो, खाडीतून रेल्वेचा पूल बघत जायला मजा येते. बाकी आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'मुंबईला जातो' असंच म्हणतात, आणि महापालिका २००९ ला झाली तेव्हा आमची गावं त्यात नको म्हणून रस्त्यावर उतरलेली, त्यामुळे एमएमआर वगैरे विचारू नका त्यांना.

खांदा कॉलनी:
सोपा नियम सांगतो. एसटीडी कोड ०२२ असेल तर मुंबई. पनवेल, उरण पास. वसई ०२५०, कल्याण ०२५१, पेण ०२१४३, सॉरी.

पापडीवाला:
लँडलाईन आहे का तुझ्याकडे?

खांदा कॉलनी:
नाही 😂 पण सिरीयसली, पनवेलला सगळे येतात ते गाडी बदलायला. ठाण्याचा, पुण्याचा, कोकणातला, सगळे. माझ्या गावाला कोणी शेजारी समजत नाही, डेपो समजतात.

थळकर:
अलिबागबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रेल्वे आहे हो आमच्याकडे, पेणवरून थळपर्यंत, खताच्या वाघिणींसाठी, माणसांना नाही. मुंबईकरांना अलिबाग फार जवळ वाटतं, रो-रोवर कार चढवली की तासाभरात मांडवा. १५ मार्च २०२० ला सुरू झाली, नेमकी लॉकडाऊनच्या तोंडावर. शनिवारी रस्ता बघा, एमएच ०१, ०२, ४७. आणि हेच लोक पूर्वी 'अलिबागसे आया है क्या' म्हणून चिडवायचे.
आम्हाला मुंबई किती जवळ ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसात बाबांच्या छातीत दुखायला लागलं, रात्रीचे साडेअकरा. गेटवेची बोट पावसाळ्यात बंदच असते, रो-रोची शेवटची फेरी गेलेली. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल, खड्डे चुकवत अडीच तास. वाचले, आता बरे आहेत, रोज नारळाला पाणी घालतात. पण मांडव्याला उभं राहिलं की रात्री मुंबईचे दिवे दिसतात ना समोर, मला ते तेव्हापासून बघवत नाहीत.

मोऱ्याची पोर:
बापरे. काळजी घ्या बाबांची.

हमरापूरकर:
थळकर, वडखळवरून गेलात त्या रात्री म्हणजे आमच्या दारावरूनच गेलात की हो. पुढच्या वेळी कधीही, काहीही लागलं तर फोन करा, नंबर मेसेज करतो. जोडण्यावरून आठवलं, पाण्याने मात्र आम्ही पक्के जोडलेले. हेटवणे धरण आमच्या तालुक्यात, पाणी नवी मुंबईत सिडकोच्या नळाला आणि आमच्याच तालुक्यातल्या वाशी-वढावच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकर. ते पाणी बरोबर सरळ जातं, त्याला गाडी बदलावी लागत नाही.

थळकर:
आभारी आहे दादा. ताई, एक विचारायचं होतं, बहिणीला नवी मुंबईतल्या वाशीला नोकरी लागतेय. रेवसवरून तरीने करंजा आणि मग उरण स्टेशनवरून लोकल, असं रोज जमेल का?

मोऱ्याची पोर:
माझा मामा करतो ना रोज. करंज्यावरून स्टेशनला रिक्षा, नेरूळला गाडी बदलायची. सकाळी जातोच माणूस, परतीची शेवटची होडी किती वाजता ते आधी धक्क्यावर विचारून घ्या, आणि चुकली तर आमच्याकडे झोपायला सांगा तिला.